‘बी’ची गोळी सुरू करण्याआधी रक्त तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मन लागत नाही, चिडचिड होते, सकाळी उठवत नाही, अशी तक्रार घेऊन ठाणे-नवी मुंबईतल्या कुठल्याही औषध दुकानात गेलेल्या माणसाच्या हातात बहुधा बी-कॉम्प्लेक्सची नाहीतर मिथाइलकोबालमिनची (म्हणजे बी-१२ ची) पट्टी पडते. ‘ब’ जीवनसत्त्वांचा मेंदूशी आणि मनःस्थितीशी संबंध आहे, यात शंका नाही. पण तो कसा आहे आणि कुणाच्या बाबतीत आहे, हे न पाहता महिनोन्महिने गोळ्या चालू राहतात. त्यातून काही वेळा खरा आजार झाकला जातो, म्हणून हे पत्र.

सेरोटोनिन, डोपामाइन आणि गाबा ही मेंदूतली तिन्ही रसायने तयार होताना शेवटच्या पायरीवरच्या विकराला (एन्झाइमला) बी-६ लागते. ग्लुटामेट पेशींना चेतवते, त्याच्यापासून बनणारे गाबा त्यांना शांत करते. बी-१२ आणि फोलेट (बी-९) यांचे काम निराळे. ती दोन्ही मिळून होमोसिस्टीन या अमिनो आम्लाचे मिथिओनिन हे दुसरे अमिनो आम्ल करतात आणि त्यातून पुढे शरीराला मिथाइल गट पुरवणारे द्रव्य तयार होते. बी-१२ कमी पडले की होमोसिस्टीन साठते आणि नसांवरचे मायलिनचे आवरण कमकुवत होते. तळपायाला मुंग्या, विसराळूपणा, उदासी ही लक्षणे मग दिसू लागतात. हिमोग्लोबिन उत्तम असतानाही ती दिसू शकतात.

कमतरता कुणाला? शाकाहारी मंडळी, साठी ओलांडलेले, मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणारे आणि आम्लपित्तासाठी रोज सकाळी उपाशीपोटी पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोल घेणारे. अन्नातले बी-१२ प्रथिनापासून सुटे व्हायला जठरातले आम्ल लागते आणि या गोळ्या तेच कमी करतात. ‘आम्ही मांसाहारी, आम्हाला कसली कमतरता’ हेही खरे नाही. चिकनमध्ये बी-१२ फारच थोडे असते. बांगडा आणि तिसऱ्या (शिंपले) यांत मात्र ते भरपूर असते. मोठ्या माणसाची रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमची. अर्धा लिटर दुधातून साधारण दोन मायक्रोग्रॅम मिळते. इडली-ढोकळ्याच्या आंबवण्यातून किंवा स्पिरुलिना या शेवाळातून बी-१२ मिळेल, या भरवशावर कुणी राहू नये.

गोळी सुरू करायच्या आधी चाचणी करावी, हा आमचा मुख्य आग्रह आहे. चार दिवस गोळ्या घेऊन मग रक्त दिले तर आकडा चांगला येतो आणि मूळ कमतरता होती की नाही, हे कधीच कळत नाही. बी-१२ दर मिलिलिटरला २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता धरतात. २०० ते ३०० हा संशयाचा पट्टा. तिथे बी-१२ कमी पडल्यावर वाढणारे होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक आम्ल पाहावे लागते आणि नेमकी इथेच गडबड होते. रक्त काढल्यावरही लाल पेशी होमोसिस्टीन सोडतच राहतात. त्यामुळे नमुना लगेच बर्फात ठेवून तासाभरात पेशी वेगळ्या कराव्या लागतात. घोडबंदर रस्त्यावरच्या घरून घेतलेली नळी पिशवीत तशीच दुपारपर्यंत फिरली, तर आकडा खोटाच वाढलेला येणार. ही चाचणी शक्यतो प्रयोगशाळेत जाऊनच करावी, आणि घरून नमुना द्यायचाच असेल तर बर्फाची पेटी आणली आहे का, ते विचारावे. मूत्रपिंडाच्या विकारात आणि थायरॉईड मंदावल्यावरही होमोसिस्टीन वाढते, हेही लक्षात असू द्यावे.

गरज दोन मायक्रोग्रॅमची आणि गोळी १५०० ची, हे कसे, असे लोक विचारतात. आतड्यातून नेहमीच्या वाटेने एका वेळी जेमतेम दीड-दोन मायक्रोग्रॅम शोषले जाते. उरलेल्यातले सुमारे एक टक्का आपोआप झिरपते, म्हणजे आणखी पंधराएक मायक्रोग्रॅम. म्हणूनच शोषणात दोष असलेल्यांनाही मोठ्या मात्रेची गोळी लागू पडते. मुंग्या, तोल जाणे, गोंधळ अशी लक्षणे असतील तर मात्र सुरुवात इंजेक्शननेच व्हावी आणि ती डॉक्टरांच्या सल्ल्याने.

नुसत्या फॉलिक आम्लाच्या (हे फोलेटचे गोळीतले रूप) ५ मिलिग्रॅमच्या गोळ्या मनाने घेणे धोक्याचे. फोलेटचा शोध मुंबईशी जोडलेला आहे. इथल्या गिरणीकामगार गरोदर स्त्रियांमधला रक्तक्षय यीस्टच्या अर्काने बरा होतो, हे लुसी विल्स यांनी १९३१ मध्ये दाखवले. पण फोलेटने रक्त सुधारते तेव्हा बी-१२ ची कमतरता रक्ताच्या अहवालात दिसेनाशी होते आणि नसांची हानी तशीच चालू राहते.

सगळ्यात मोठी चिंता बी-६ ची. ‘जास्तीचे लघवीवाटे निघून जाते’ हे वाक्य काउंटरवर सर्रास ऐकू येते. लघवी पिवळीधमक करणाऱ्या बी-२ पुरते ते बरोबर आहे, बी-६ बाबत नाही. रोजची गरज सुमारे दोन मिलिग्रॅम. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये दीर्घकाळ घेण्याची सुरक्षित मर्यादा १२ मिलिग्रॅमवर आणली. अमेरिकेत ती १०० आहे. आपल्याकडे काही गोळ्यांत एकाच वेळी १०० मिलिग्रॅम असते. शिवाय ‘नसांची’ गोळी, बी-कॉम्प्लेक्स, मॅग्नेशियमची गोळी आणि जिममधली पावडर या सगळ्यांत बी-६ असते आणि त्यांची बेरीज कुणी करत नाही. ते फार झाले की तळवे बधिर होतात, मुंग्या येतात. म्हणजे लक्षणे थेट बी-१२ च्या कमतरतेसारखी! मग माणूस आणखी एक गोळी वाढवतो. पाकिटामागे ‘पायरिडॉक्सिन’ (म्हणजे बी-६) पुढचा आकडा वाचा आणि सगळ्या गोळ्यांतला मिळून मोजा. अपवाद क्षयरोग्यांचा. आयसोनियाझिड या क्षयरोगावरच्या औषधामुळे बी-६ कमी होते, म्हणून त्यांना डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करू नये. फिटसाठी फेनिटॉइन घेणाऱ्यांनी बी-६ किंवा फोलेटची मोठी मात्रा परस्पर घेऊ नये, त्याने औषधाची रक्तातली पातळी उतरू शकते.

मनःस्थितीबद्दलचा पुरावा किती, हेही स्पष्ट सांगायला हवे. ब्रिटनच्या रीडिंग विद्यापीठाच्या २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तरुणांना महिनाभर रोज १०० मिलिग्रॅम बी-६ दिल्यावर त्यांनी स्वतः नोंदवलेली चिंता थोडी कमी झाली. बी-१२ ने तेवढा फरक पडला नाही. परिणाम दिसला, पण बेताचा, आणि मात्रा वर सांगितलेल्या युरोपीय मर्यादेच्या आठपट. कमतरता नसलेल्या माणसाचे नैराश्य या गोळ्यांनी बरे होते, असे सिद्ध झालेले नाही. कमतरता असेल तर उपचार जरूर करावेत, फरक जाणवायला काही आठवडे ते महिने लागतात. पण तेवढ्यासाठी मनोविकारतज्ज्ञांची गोळी थांबवू नये. ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे आणि फोनवर बोलायचे असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे.

एक विनंती गृहसंकुलांत शिबिरे भरवणाऱ्या मंडळांना आणि प्रयोगशाळांना. केस गळतात म्हणून घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांत ५ ते १० मिलिग्रॅम बायोटिन (बी-७) असते. गरज मात्र तीसएक मायक्रोग्रॅमची. अनेक यंत्रांवर बायोटिनमुळे थायरॉईडच्या चाचणीत टीएसएच खोटेच कमी आणि टी-४ खोटेच जास्त दिसते. ज्याची मरगळ मुळात मंद थायरॉईडची आहे, त्याचा अहवाल मग नॉर्मल येऊ शकतो किंवा चालू असलेली थायरॉक्सिनची मात्रा उगाच कमी केली जाऊ शकते. तपासणीआधी निदान दोन दिवस बायोटिन बंद हवे. त्यामुळे नावनोंदणीच्या फॉर्मवर ‘बायोटिन किंवा बी-१२ घेता का, शेवटची गोळी कधी घेतली?’ हा प्रश्न छापावा आणि नळीवर क्रमांक चिकटवण्याआधी त्याचे उत्तर लिहून घ्यावे.

– औषधनिर्माणशास्त्राचे दोन अध्यापक, ठाणे (पश्चिम)