खानापूरच्या पावसात टिकणारे गुलाब

बेळगाव

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तू लावायला निवडलेल्या गुलाबांची यादी मिळाली. निपाणीच्या अंगणात ती शोभली असती, पण तुझ्या खानापूरच्या पावसापुढे त्यातले निम्मे गुलाब टिकणार नाहीत. तू फुलं बघून निवड केली आहेस. तुझ्याकडे आधी पान बघायला हवं.

पान सलग सातेक तास ओलं राहिलं की काळ्या ठिपक्यांची बुरशी आत शिरते, आणि जून ते सप्टेंबर तुझ्याकडे पान वाळतंच कुठे? हा ठिपका ओळखायला सोपा आहे. त्याची कड गोल, सफाईदार नसते, झालरीसारखी फाटलेली असते. भोवतीचं पान पिवळं पडतं आणि गळतं. रोग खालच्या पानांपासून सुरू होऊन वर चढतो, कारण मातीवरून उडालेले शिंतोडेच तो पसरवतात. भुरीचं, म्हणजे पानावर पांढरी पूड धरणाऱ्या बुरशीचं, उलट आहे. तिला ओलं पान लागत नाही, दिवसा कोरडं आणि रात्री गार, दमट असलं की झालं. म्हणून निपाणी-चिकोडीकडे थंडीत भुरी जास्त छळते.

आता यादी (कंसात जात बाजारात आल्याचं साल). 'डबल डिलाइट' (1977) वासाला अप्रतिम, पण काळे ठिपके आणि भुरी दोन्हींना बळी पडतो. हवाच असेल तर एकच लाव, तोही उघड्या उन्हात. 'सुपर स्टार' (1960) भुरीला फार हळवा, तो सोड. 'क्वीन एलिझाबेथ' (1954) मात्र जरूर घे. सरळ उंच, पाच-सहा फूट जातो, तब्येतीनं दणकट. त्याला कुंपणाच्या बाजूला मागे लाव, पुढे लावलास तर बाकीच्यांचं ऊन अडवेल. 'आइसबर्ग' (1958) झुडपासारखा पसरतो, पांढरे घोस देतो, काटे अगदी थोडे. त्यालाही ठिपके येतात, पण जोम इतका की पानं झडली तरी नवी फूट लगेच येते. पायरीच्या कडेला 'द फेअरी' (1932) बसेल: दोन-अडीच फूट, बारीक चकचकीत पानं, बुरशीला दाद न देणारा. फक्त उन्हाळ्यात पानांखाली लाल कोळी (रस शोषणारी बारीक कीड) बघत जा. 'नॉक आउट' (2000) मिळाला तर काळ्या ठिपक्यांची काळजी जवळपास मिटली, पण त्याला वास नाहीच म्हण ना.

एवढं ध्यानात ठेव, काळ्या ठिपक्यांच्या बुरशीच्या जाती गावोगावी वेगळ्या असतात. एका ठिकाणी निरोगी राहिलेलं झाड दुसरीकडे ठिपक्यांनी भरू शकतं. म्हणून गुलाबाच्या एकाच जातीची दहा झाडं लावू नकोस.

दोन झाडांत अडीच ते तीन फूट अंतर सोड. पाणी बुडाशी घाल, तेही सकाळी. गळलेली पानं उचलून जाळ, खताच्या खड्ड्यात टाकू नकोस. मोठा पाऊस लागायच्या आत मॅन्कोझेब हे बुरशीनाशक लिटरला अडीच ग्रॅम फवार, पानाच्या खालच्या अंगालाही, आणि उघडीप मिळेल तशी दहा-पंधरा दिवसांनी परत. भुरीवर पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, पण भर उन्हात नको, पानं करपतात.

मुख्य छाटणी पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात कर. बाहेर तोंड केलेल्या डोळ्याच्या (फांदीवरच्या कोंबाच्या) वर पाव इंचावर तिरका काप घे, म्हणजे फांद्या बाहेर पसरतात आणि मधे वारा खेळतो. जाड कापांवर बोर्डो पेस्ट लाव: मोरचूद आणि चुना प्रत्येकी 100 ग्रॅम, प्लास्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे भिजवून मिसळ, एकूण पाणी एक लिटर. हे टाळलंस तर शेंड्याकडून फांदी काळी पडत खाली वाळत येते. फुलं साधारण दीड महिन्यात दिसतील.

कलम आणताना डोळा भरलेला सांधा बघून घे आणि लावताना तो मातीच्या दोन इंच वर ठेव. सांध्याखालून आलेली फूट खुंटाची, म्हणजे ज्यावर कलम बांधलं त्या मूळ झाडाची असते. ती कापू नकोस, कापली की दुप्पट येते. माती बाजूला करून मुळाशी हिसका देऊन उपट.

तुझा मित्र