सूचना: थंडीआधी बंब आणि गॅसची तपासणी

गल्लीतील सर्व सभासदांना नमस्कार. येत्या रविवारी सकाळी ९ पासून, मारुती मंदिराच्या बाजूने सुरुवात करून, पंच कमिटीची मंडळी मेकॅनिकसोबत प्रत्येक घरी येतील. घरात कुणीतरी मोठं माणूस थांबावं.

बंब: शनिवारी रात्री पेटवू नका, तपासणीला तो गार असायला हवा. त्याआधी धुराड्याची नळी उतरवून काजळी काथ्याने घासून काढा, जाळीखालची राख उपसा. यंदाच्या पावसात भिजलेली लाकडं अजून सुकली नसतील, तर ती वापरू नका. ओल्या लाकडाचा धूर नळीत डांबरासारखा चिकटतो, नळी अरुंद होते आणि धूर उलटा घरात येतो. पाणी भरल्याशिवाय विस्तव घालायचा नाही, सांधे सुटतात. आणि कळकळीची विनंती: थंडी वाजते म्हणून न्हाणीघराची खिडकी बंद करून आत बंब किंवा निखाऱ्याची शेगडी ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्याला कळतही नाही.

गॅस:
- केशरी ट्यूबवरची तारीख पाहा. ५ वर्षं झाली, भेग पडली किंवा उंदरांनी कुरतडली असेल तर बदला.
- गळती साबणाच्या फेसाने तपासा, काडी ओढून कधीच नाही.
- सिलिंडरच्या पट्टीवर आतून ‘डी-२६’ असं काही असतं. डी म्हणजे वर्षाचे शेवटचे तीन महिने, म्हणजे २०२६ च्या डिसेंबरअखेर त्याची चाचणी व्हायला हवी. मुदत संपलेला सिलिंडर घेऊ नका.

वास आला तर रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, दिव्याच्या बटणाला हात लावू नका आणि बाहेर येऊन १९०६ या गॅस गळतीच्या हेल्पलाइनला फोन करा.

— पंच कमिटी