पोरीच्या ॲडमिशनबद्दल

सांगली,
रविवार

प्रिय बाळ्या,

तुझा फोन आला तेव्हा वॉर्डात होतो, नीट बोलता आलं नाही. पोरगी धर्मांचा तौलनिक अभ्यास घ्यायचा म्हणते आणि तू विचारतोस, "पुढं काय, कीर्तन करणार?" आमच्या आण्णांनी मलाही हेच विचारलं होतं. (कीर्तनात हल्ली पैसा बरा आहे, ते सोड.)

खरं सांगतो, नुसत्या त्या पदवीवर मला नोकरी लागली नाही. नंतर समाजकार्याची पदवी, एमएसडब्ल्यू केलं, तेव्हा कुठं मिरजेच्या दवाखान्यात समाजसेवक म्हणून चिकटलो. पण निभावलं ते आधीच्या अभ्यासावर.

गेल्या महिन्यात जतकडची एक आज्जी आली, खुब्याच्या ऑपरेशनला. सिस्टरनी पाटल्या, जोडवी उतरवली. गळ्यातली चांदीची पेटी मात्र आज्जी मुठीत गच्च धरून बसली. "दागिना न्हवं त्यो, जीव हाय माझा." मुलगा तिच्यावरच खेकसायला लागला, तसं मला बोलावणं आलं. पेटीत इष्टलिंग होतं, म्हणजे अंगावर बाळगायचं छोटं शिवलिंग. लिंगायत ते अंगावेगळं करत नाहीत, एवढं पुस्तकात वाचलेलं. स्टूल ओढून आज्जीलाच विचारलं, "पेटी मोठी का आतलं लिंग?" जरा थांबून म्हणाली, "पेटी काय, सोनाराची." मग भूलतज्ज्ञांना विचारून लिंग कापडात गुंडाळून तिच्या दंडाला बांधलं, पेटी सुनेकडं दिली.

हे शहाणपण उशिरा आलं बरं का. पहिल्या वर्षी एका लिंगायत घरच्यांना न विचारताच सरणाची सोय करून बसलो होतो. त्यांच्यात पुरतात. वाचलेलं होतं रे, पण ऐनवेळी डोक्यात आलंच नाही. त्या घरातल्या म्हाताऱ्यानं माझ्याकडं कसं बघितलं, ते अजून डोळ्यांपुढं आहे.

कॉलेजात सर आधी पूर्वपक्ष लिहून घ्यायचे. ज्याचं पटत नाही त्याचं म्हणणं असं मांडा की त्यानंच मान डोलवावी. तोवर तुमच्या उत्तराला मार्क नाहीत. तेव्हा जाच वाटायचा. आता रमजानात इन्शुलिनवरचा पेशंट रोजा सोडत नाही म्हणून डॉक्टर चिडतात, तेव्हा तेच कामाला येतं. आजाऱ्याला कुराणातच सूट आहे, रोजे मागाहून भरून काढता येतात. पण हे मी सांगून उपयोग नाही. त्याच्या मोहल्ल्यातल्या मौलानांना फोन लावून देतो. जैन पेशंटनं कॅप्सूलचं कवच कशाचं विचारलं, तर हसत नाही. जिलेटिन जनावराच्या हाडा-कातड्याचंच असतं. डॉक्टरांना त्याच औषधाची गोळी मिळते का विचारतो.

पोरीला घेऊ दे तो विषय. फक्त सोबत कायदा, पत्रकारिता, समाजकार्य असं काहीतरी हाताशी ठेव म्हणावं, आणि कन्नड शिक. आपल्या भागात फार उपयोगी पडतं.

शनिवारी तिला घेऊनच ये. वहिनींसाठी भडंग आणून ठेवलंय.

तुझा,
नान्या