आंब्याच्या गाडीवरचे काम वाटून द्या

महोदय,

हंगामात देवगड-रत्नागिरीचा हापूस रोज वाशीच्या बाजाराकडे निघतो. संध्याकाळपर्यंत वाडीवाडीवर थांबून पेट्या चढवायच्या, ताडपत्री बांधायची, दोर आवळायचा आणि त्याच थकल्या अंगाने रात्रभर घाट पार करत गाडी हाकायची, हे अनेक ठिकाणी एकट्या चालकाच्याच गळ्यात पडते. हंगामापुरता ठेवलेला मदतनीस सोबत असतो, पण त्याचे काम कुणी ठरवलेलेच नसते. मग चालकाला डुलकी येऊ लागली की स्टेअरिंग त्याच्या हाती जाते, परवाना असो वा नसो. हे भयंकर आहे.

1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली, पण तो पाच किंवा अधिक कामगारांच्या धंद्यासाठी होता. एकदोन टेम्पोंचे मालक त्यातून सुटले.

पेट्या मदतनिसाने चढवाव्यात, तेवढा वेळ चालकाने झोपावे. मदतनिसाची मजुरी मालकाने आधीच ठरवावी, चालकाच्या भत्त्यातून कापू नये. आम्ही बागायतदारांनीही पेट्या दुपारीच एका जागी आणून ठेवाव्यात.

– एक बागायतदार, देवगड