आप्पा, इथे ओढायला लाइनच नाही

चिकवावा, मलावी
ऑक्टोबर अखेर

ती. आप्पा व सौ. आईस,
साष्टांग नमस्कार. वि. वि.

आप्पा, तुम्ही फोनवर म्हणालात, दवाखान्याला वीज द्यायला एवढे दिवस कशाला लागतात? पण इथे ओढायला लाइनच नाही. शिरे नदीच्या खोऱ्यातलं हे आरोग्य केंद्र मेन रोडपासून फार आत आहे, म्हणून छतावर सोलर. आपल्याकडे पॅनेलचं तोंड दक्षिणेला असतं, विषुववृत्ताच्या या बाजूला ते उत्तरेला करावं लागतं.

सोलर इथे पूर्वीही होतं. कुणीतरी देणगी म्हणून बसवून गेलेलं. पॅनेल अजून धडधाकट आहेत, बॅटऱ्या मात्र मेल्या. त्या पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या, आणि या दिवसांत इथे पारा ४० च्या वर जातो. २५ अंशांच्या वर दर १० अंशांना लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं, हे तुम्हाला मी काय सांगायचं! पाणी कोण टाकणार, नव्या कुणी घ्यायच्या, हे कधी ठरलंच नव्हतं. मग बाळंतपणाला येणाऱ्या बायका पुन्हा घरून मेणबत्ती घेऊन यायला लागल्या. आई, हे ऐकून मला रात्री झोप लागली नाही.

आता लशींच्या फ्रिजला स्वतंत्र पॅनेल दिलंय. त्याला बॅटरी लागतच नाही. दिवसा उन्हावर आतला बर्फ गोठतो आणि रात्रभर थंडावा टिकतो. लशींना २ ते ८ अंश लागतात. मलेरियाची लस नेहमीच्या लसीकरणात पहिल्यांदा आली ती याच देशात, २०१९ मध्ये. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवणारं ऑक्सिटोसिनही त्याच फ्रिजमध्ये राहतं.

खरी ओढाताण ऑक्सिजनची. हवेतून ऑक्सिजन काढणारं छोटं मशीन ३५० वॉट घेतं, म्हणजे रात्रंदिवस चाललं तर ८ युनिटच्या वर. एक किलोवॉटचं पॅनेल दिवसाला चार-पाच युनिट देतं. एका बाळाच्या श्वासासाठी दोन किलोवॉट, वर रात्रीपुरती बॅटरी! म्हणून त्या सर्किटवर किटली, इस्त्री, मोबाइल काहीही लावायचं नाही असं सगळ्यांनी मिळून ठरवलं.

पण गावात मोबाइल आहेत आणि ते चार्ज करायला सोय नाही. त्यासाठी दाराशी वेगळं छोटं पॅनेल लावलं. चार्जिंगचे पैसे गावच्या आरोग्य समितीच्या डब्यात जातात, हिशेब बायका ठेवतात. आताच्या नव्या, लिथियमच्या बॅटऱ्या साधारण दहा वर्षं चालतात; तोवर पुढच्या बॅटऱ्यांचे पैसे साठायला हवेत. मला विचाराल तर छतावरच्या पॅनेलपेक्षा हा डबा मोठा. पॅनेल कुणीही देतं, बॅटरीला कुणी देत नाही.

आता तुमच्याकडे एक काम आहे. नोव्हेंबरात पाऊस सुरू होईल, विजा कडाडतील, आणि इथली माती रेताड, कोरडी. वीज जमिनीत उतरवणाऱ्या अर्थिंगचं रीडिंग, म्हणजे मातीचा रोध, खाली येत नाहीये. राजूरला विजेच्या कामावर असताना तुम्ही कोळसा-मीठ भरून अर्थिंगचे खड्डे करायचात. किती खोल, कोणता थर आधी, पाणी कधी सोडायचं, ते सगळं सावकाश व्हॉइस मेसेजवर सांगा. रखवालदाराच्या मुलाला मी वायरिंग शिकवतेय, पुढे सगळं तोच बघणार आहे. त्याला मी वाक्यावाक्याने समजावून सांगीन. रविवारी मी रेंजमध्ये असेन, तोवर पाठवाच.

आई, गुडघ्याचं औषध चुकवू नकोस.

तुमची लेक