चिऊस, जत्रेच्या मैदानाबद्दल आणि ५७ किलोबद्दल

चि. चिऊस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल रात्री तू "आई, ठेवते" म्हणालीस आणि ठेवलासच फोन. म्हणून हे पत्र. पत्र मधेच ठेवता येत नाही, आणि ठेवलंस तरी मला कळत नाही. तुझ्या खोलीतल्या पोरीवर चिडू नकोस. तिनं फोन केला नसता, तर कुस्तीच्या निवड चाचणीच्या सकाळी तू बाथरूममध्ये चक्कर येऊन पडलीस हे मला पाडव्याला कळलं असतं, तेसुद्धा वहिनीकडून. टाके भुवईवर पडलेत म्हणे. किती ते तिनं सांगितलं नाही आणि तूही नाही.

मी ठरवलंय की तुझ्या वजन उतरवण्याबद्दल एक अक्षर लिहायचं नाही. त्यावर आपलं बोलून झालंय. बापू म्हणाले, "तिचं तिला कळतंय. तू कधी उतरली होतीस का कुस्तीच्या हौद्यात?" नव्हते उतरले. हौदा राहू दे, तू उतरेपर्यंत मी मैदानाच्या कडेलाही कधी बसले नव्हते. म्हणून आज नुसतं जत्रेचं लिहिते. मामाचा फोन आला होता, यंदाच्या मैदानाची माती कालवायला घेतली म्हणाला. ताक, तेल, लिंबू, हळद सगळं गावातूनच जमलं. कापूर तेवढा इस्लामपुरातून आणायचाय.

तुला आमच्या वेळचं मैदान कधी नीट सांगितलंच नाही बघ. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी ते असायचं. आधीपासून पत्रकं लागायची: एस.टी. स्टँडच्या भिंतीवर, सलूनमध्ये, पिठाच्या गिरणीत. वर देवाचा फोटो, खाली उघड्या अंगाचे पैलवान, हाताची घडी घातलेले, आणि प्रत्येकाच्या नावाखाली तालमीचं नाव. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी. एक नंबरला कोण, इनाम किती, यावरून गिरणीत भांडणं व्हायची आणि दळण राहून जायचं. पंजाबचा नाहीतर दिल्लीचा मल्ल येणार असला की आसपासच्या गावांतून ट्रॅक्टर भरभरून माणसं यायची.

बाया मैदानात नाहीत. आम्ही पाटलांच्या माडीवर. तिथून हौदा अर्धाच दिसायचा, उरलेला चिंचेच्या आड. जोड झुंजत चिंचेआड गेली की आम्हाला फक्त हलगी. पण हलगीवरून सगळं कळायचं. नुसती खडाखडी चालली असेल तर ती सावकाश वाजते. कुणी पट काढला, म्हणजे समोरच्याचा पाय ओढला, की कडाडते. माणसं एकदम ओरडली आणि हलगी बंद पडली, की कुणाची तरी पाठ मातीला लागली. आक्का तर डोळे मिटून सांगायची, "कोल्हापूरवाला गेला खाली." आणि गेलेला असायचा.

दुपारी लहान पोरांपासून सुरुवात. ती रेवड्यांवर लढायची, त्यांच्याहून मोठी नारळावर, मग दहा-वीस रुपयांच्या कुस्त्या, मग शंभराच्या. ऊन उतरेल तशी इनामं चढायची. एक नंबरची कुस्ती लागेपर्यंत दिवे लागलेले असायचे. आणि जोड ठरवायचे ते नजरेनं. दोघांना समोरासमोर उभं करायचं, खांदे बघायचे, मांड्या बघायच्या, हातात हात द्यायला लावायचा की झालं. काटा नव्हता. अख्ख्या जत्रेत काटा एकच, तो जिलेबीवाल्याकडं.

आलंच बघ वजनाचं. असू दे.

मामा गंगावेशीत होता ती वर्षं मला त्याच्या कुस्त्यांपेक्षा त्याच्या खुराकानं आठवतात. सुट्टीला घरी आला की रात्री बदाम भिजत घालायचे, पहाटे सालं काढून पाट्यावर वाटायचे. वाटायचे कुणी, तर मी. खसखस, बडीशेप, वेलदोडा कुंडीत घोटायचं तेही मीच. म्हैस त्याच्या नावावर आणि आमच्या चहाला शेरडीचं दूध. तूप आज्जी कुलपात ठेवायची, किल्ली कमरेला. मला राग यायचा, आज सांगते. त्याचे कान मोडले तेव्हा आज्जी रडत बसली, आणि मला वाटत होतं, एवढं दूध पिऊन कान मोडतात तरी कसे? पण एक होतं. पैलवान म्हणजे खाणारा माणूस, याबद्दल त्या घरात कुणालाही शंका नव्हती. खाल्लं नाही तर वस्ताद चिठ्ठी पाठवायचे. माझी पोर पैलवान होईल आणि मला तिला "अगं, दोन घोट पाणी तरी पी" म्हणून फोनवर गयावया करावी लागेल, हे मला पाट्यापाशी कुणी सांगितलं असतं तर मी वरवंटा खाली ठेवून हसले असते.

एका वर्षी एक नंबरची कुस्ती नुसती मान घासत चालली. पाऊण तास. पट नाही, ढाक नाही, कुणी खाली बसायला तयार नाही. लोक उठले. "नुरा हाय! ठरवून आलेत! सोडवा!" हौद्यात चपला आल्या. पंचांनी बरोबरीत सोडवली, इनाम निम्मं-निम्मं वाटलं, आणि दोघंही मान खाली घालून जीपमध्ये बसले. आबा घरी येऊन रात्रभर शिव्या देत होते, वर्गणी त्यांनीच गोळा केली होती ना. खरं सांगू, मला त्या दोघांचं वाईट वाटलं होतं. आठवड्यात चार गावं करायची, प्रत्येक गावात हाडं मोडून घ्यायची, तर पुढच्या गावी उतरणार कोण? हे मी तेव्हा बोलले असते तर आबांनी चप्पल माझ्याकडं वळवली असती.

त्याच्या पुढच्या वर्षी मामा दोन नंबरला. तेच साल, खाशाबा जाधव अपघातात गेले त्याच्या नंतरची जत्रा, १९८५. आधी त्यांच्या आठवणीत सगळं मैदान उभं राहिलं, माडीवर आम्हीही उभ्या राहिलो. मग मामाची कुस्ती लागली. समोरचा थोराड होता, मानेनं तर दुप्पट. मामा दोनदा खाली गेला, दोनदा सुटला, आणि कुस्ती चिंचेआड गेली. हलगी कडाडली, थांबली, आणि आक्का डोळे मिटूनच म्हणाली, "आपला हाय वर." घिस्सा डाव मारला होता म्हणे. सगळ्या गावानं बघितला, मी नाही. नंतर त्याला फेटा बांधून खांद्यावर घेतलेला दिसला, हौद्याभोवती फिरवताना लोक नोटा देत होते. घरी येऊन त्यानं सगळं आज्जीच्या ओच्यात ओतलं, मातीसकट.

म्हणून गेल्या जत्रेत मामानं तुझी जोड लावली तेव्हा मी पदर खोचून पार हौद्याच्या कडेला जाऊन बसले. कुणाची हिंमत झाली नाही उठवायची. ती तासगावकडची पोर तुझ्याहून थोराड होती, मामानं नजरेनंच लावली, जुनी खोड. तू ढाक लावलीस ती मी पुरी बघितली, तिचे पाय सुटले तिथपासून पाठ टेकली तिथपर्यंत. हलगीवाला म्हातारा वाजवायचं विसरला. चिऊ, त्या दिवशी तू ५७ चीही नव्हतीस, ५९ भरली असशील. पोटभर जेवून आली होतीस, तोंडावर तेज होतं. मामा रडला ते तुला दिसलं नसेल, त्यानं धूळ गेली म्हणून सांगितलं.

कोल्हापूरच्या खासबाग मैदानातही मी पहिल्यांदा गेले ती तुझ्याच बरोबर. शाहू महाराजांनी १९१२ ला बांधून घेतलं, आणि असं उतरतं बांधलंय की कुठंही बसा, हौदा पुरा दिसतो. मला तिथं आक्काची आठवण आली. तिला काय वाटलं असतं कोण जाणे, ती तर डोळे मिटूनच बघायची.

आता लिहितेच. राहवत नाही.

५७ किलोच्या गटात तुमच्याकडं दोघी तगड्या आहेत आणि ५३ च्या गटात जागा मोकळी आहे, हे मला कळलं. निवड तिथून सोपी, हेही कळलं. मी अडाणी नाही. पण खाशाबांचंच बघ. आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरचा माणूस. १९४८ ला लंडन ऑलिंपिकला ५२ किलोच्या गटात खेळले, सहावे आले. मग १९५२ ला हेलसिंकीला ५७ किलोच्या गटात चढले आणि पदक घेऊन आले. चढले! तुझ्याच ५७ मध्ये! आणि तू तिथून खाली उतरायला निघालीस, प्लास्टिकचा सूट घालून उन्हात पळून, दोन दिवस पाणी तोडून, बाटलीत थुंकत बसून. चार किलो म्हणजे काय चेष्टा आहे? तुझ्या अंगावर काढायला आहे काय?

आणि विनेश फोगाटचं तर आपण दोघींनी बघितलंय. ऑगस्ट २०२४, पॅरिस ऑलिंपिक. एका दिवसात तीन कुस्त्या, त्यात ती जपानची सुसाकी, जी बाहेरच्या कुणाकडून कधी हरलीच नव्हती. तू सोफ्यावर उड्या मारत होतीस. मूळची ५३ ची पोर, खेळत होती ५० मध्ये. रात्रभर पळाली, घाम काढला, केससुद्धा कापले, आणि सकाळी काट्यावर १०० ग्रॅम जास्त. तू जेवण टाकून उठलीस. लोक पदकाबद्दल बोलत होते. मी त्या खाटेवरच्या फोटोकडं बघत होते, सुकून गेलेल्या तोंडाकडं. तिची आई कुठं असेल, एवढंच माझ्या मनात.

झालं माझं भाषण. माफ कर. कीर्तन लावलं की तू डोळे फिरवतेस, ते इथून दिसतंय मला. तुझी मेहनत मला दिसत नाही असं नाही गं. मार्च २०२३ ला सांगलीत पोरींची पहिली महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडीनं गदा उचलली, तेव्हा तू माझा दंड इतका दाबलास की वळ उठले. "आई, एकदा मी." मी घरी येऊन कुणाला काही बोलले नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही, ती आनंदानंच. भीतीनंही असेल. दोन्ही एकदम असतं, तुला पुढं कळेल.

आणखी एक विचारते, पत्रात विचारणं बरं. तीन महिने पाळी आली नाही हे तू मला नाही, वहिनीला सांगितलंस. वहिनीनं दोन दिवस पोटात ठेवलं, तिसऱ्या दिवशी भाकऱ्या करता करता रडली. तिच्यावरही चिडू नकोस. डॉक्टर म्हणाल्या, अंगाला पुरेसं अन्न मिळालं नाही की शरीर आधी तेच बंद करतं, आणि पुढं हाडंही ठिसूळ होतात. कुस्तीत हाडांना काय लागतं ते तुला मी सांगायचं?

तूच मला फोनवर त्या जुन्या काळच्या पैलवान हमीदा बानूचं चित्र दाखवलं होतंस, गूगलनं लावलेलं. १९५४ ला जाहीर आव्हान देणारी, मला हरवा आणि लग्न करा. त्या काळच्या वर्तमानपत्रांत तिचा खुराक छापून यायचा: साडेपाच लिटर दूध, मटण, बदाम. वजन १०८ किलो. तिला काट्यावर कुणी उभं करत होतं ते कौतुकानं. मी ते वाचून हसले होते, तू म्हणालीस, "आई, तेव्हा गट नव्हते, आता आहेत." बरोबर आहे तुझं. गट आहेत, नियम आहेत, आणि मातीतली नजरेची जोड ऑलिंपिकला चालत नाही. तेवढं मलाही कळतं. पण गट ५७ चाही आहे ना?

हरशील तिथं. एक वर्ष हरशील, दोन वर्षं हरशील. त्या दोघींशी रोज लढून लढून काय व्हायचं ते होईल. मामा म्हणतो, थोराड जोडीशीच पोर तयार होते. तो म्हणतो म्हणून नव्हे, तो काय, त्यानं तर तुला चार वर्षांची असताना रेवड्यांसाठी पोरांच्यात सोडलं होतं.

तर असं. रविवारी बापू आणि मी येतोय. तुमच्या सरांना भेटायचंय. तू नको म्हणशील, पोरी हसतील म्हणशील, हसू देत. मी भांडणार नाही, बापूंना तसा शब्द दिलाय. फक्त विचारणार आहे की ५३ कुणी ठरवलं, आणि ठरवताना डॉक्टरला विचारलं का. उत्तर नीट मिळालं तर गप्प परत येईन. तुझ्यासमोर नाही बोलणार, तू सरावाला जा.

जत्रेला सुट्टी मिळत नसेल तर हट्ट नको. मामाला मी सांगेन. तो जोड लावायला तयार बसलाय, पण टाके काढल्याशिवाय तू उतरणार नाहीस, हे त्यालाही बजावलंय.

आज्जीचा गुडघा बरा आहे. तांबडी व्यायली, रेडी झाली.

तुझी
आई

ता.क. हॉस्टेलात पुरुषांना सोडत नाहीत म्हणालीस, तर बापूंनी थांबायचं कुठं ते कळव. डिंकाचे लाडू आणतेय. खायचे की नाही ते तू ठरव, खोलीतल्या पोरीला मात्र निम्मे दे, फोन तिनं केला.