जबड्यातील दुर्मिळ सिस्ट ओळखणाऱ्यांचे आभार

माझ्या वडिलांच्या खालच्या जबड्यात, पुढच्या बाजूला, फारशी न दुखणारी सूज हळूहळू वाढत होती. दात किडलेला नाही एवढ्यावर न थांबता ज्या दंतवैद्यांनी ओपीजी, म्हणजे संपूर्ण जबडा एकाच चित्रात दाखवणारा एक्स-रे, काढायला लावला आणि हाडातील पोकळी दिसताच तज्ज्ञांकडे पाठवले, त्यांचे मनःपूर्वक आभार.

सर्वांत मोठे ऋण मात्र आम्ही कधी न पाहिलेल्या पॅथॉलॉजी विभागातील डॉक्टरांचे आणि तंत्रज्ञांचे आहे. वडिलांना झालेली, १९८७ मध्ये प्रथम वर्णिलेली ‘ग्लँड्युलर ओडोन्टोजेनिक सिस्ट’ (दात घडवणाऱ्या ऊतींपासून जबड्यात तयार होणारी, द्रवाने भरलेली पिशवी) फार क्वचित आढळते. एक्स-रेवरून ती इतर सिस्टपासून वेगळी ओळखता येत नाही, आणि सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या अस्तरातील श्लेष्मा स्रवणाऱ्या पेशी व ग्रंथींसारख्या पोकळ्या पाहताना म्यूकोएपिडरमॉइड कार्सिनोमा या कर्करोगाशी गल्लत होऊ शकते. म्हणूनच त्यांनी घाईने अहवाल न देता बायॉप्सीचे आणखी काप तपासले आणि दुसऱ्या तज्ज्ञांचे मत घेतले. ती प्रतीक्षा आम्हाला जड गेली, पण तिच्यामुळेच वडिलांची अनावश्यक मोठी शस्त्रक्रिया टळली, असे मी मानतो.

सिस्ट संपूर्ण काढून भोवतालचे हाड काळजीपूर्वक खरवडणारे आणि ओठाला संवेदना देणारी नस जपणारे शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ, तसेच जखम भरेपर्यंत वडिलांना पातळ पेज भरवणाऱ्या परिचारिका यांचेही आम्ही ऋणी आहोत. ही सिस्ट पुन्हा उद्भवू शकते, त्यामुळे तपासणी वर्षानुवर्षे चालणार आहे. प्रत्येक पुढची तारीख मोठ्या अक्षरांत लिहून देणाऱ्या बाह्यरुग्ण विभागातील ताईंचे आभार आताच मानून ठेवतो.